लिटल कॉटनवुड: कातळ देवळाचा, रस्ता सरकारचा, वाट कुणाची?

घसारा (धागाकर्ती)
शनिवार, रात्री १०:४०

आज सकाळपासून दुपारी चारपर्यंत दगड वाहिले. कंबर बोलतेय, डाव्या हाताच्या दोन बोटांना फोड आलेत, आणि चढाई म्हणाल तर एक फूटही नाही. घरी येऊन आईला फोन लावला तर म्हणाली, "तिकडे सातासमुद्रापार जाऊन गवंडीकामच करायचं होतं, तर नाशकात काय कमी होतं?" मागून बाबांनी विचारलं, "पण तो डोंगर आहे कुणाचा?"

उत्तर द्यायला अर्धा तास लागला. तेच इथे टंकतेय.

अमेरिकेतल्या यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला, शहरातून गाडीने अर्ध्या तासावर लिटल कॉटनवुड घळ आहे. हिमनदीने कोरलेली, म्हणून तळ रुंद आणि भिंती सरळसोट. खालून एकच रस्ता शिरतो, स्टेट रूट २१०, तो वर स्नोबर्ड आणि आल्टा या दोन स्की रिसॉर्टपाशी संपतो. दगड ग्रॅनाइट, पांढरट राखाडी, त्यात काळे तीळ पेरल्यासारखे ठिपके. शेजारच्या बिग कॉटनवुडला क्वार्ट्झाइट, थोडं दक्षिणेला अमेरिकन फोर्कला चुनखडी. एका शहराच्या अंगणात तीन जातींचा कातळ, म्हणजे चढणाऱ्यांची चैन आहे.

मी सह्याद्रीत शिकले. तिथे होल्ड, म्हणजे हाताला धरायचा कातळाचा उंचवटा, पकडण्याआधी त्यावर टिचकी मारून विचारायचं, "बाबा, राहणार आहेस ना?" इथे पहिल्या दिवशी टिचकी मारायला होल्डच सापडेना. गुळगुळीत उतार, आणि बरोबरचा म्हणतो, बुटावर विश्वास ठेव आणि चाल. मी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भिंतीवर चालायला सांगितलंय. सांगितलं तेच होतं म्हणा.

आता मालकी. खालच्या भागात गेट बट्रेस नावाचा मोठा कातळ आहे. १९६०च्या दशकात अल्पेनबॉक क्लबची पोरं या घळीत चढत होती, तेव्हापासून इथे माणसं चढतायत. पण ही जमीन जंगल खात्याची नाही, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची आहे. म्हणजे पन्नासेक वर्षं लोक दुसऱ्याच्या खाजगी जागेत चढत होते. कुणी हाकललं नाही, कुणी रीतसर "या" म्हटलं नाही. मालकाच्या मनात आलं असतं तर एक फाटक आणि एक पाटी, खेळ खलास.

चर्चकडे ही जमीन का? सॉल्ट लेकचं त्यांचं मोठं मंदिर १८५३ ते १८९३, चाळीस वर्षं बांधलं गेलं, आणि त्याचा दगड याच घळीतला. आधी बैलगाड्यांनी जायचा, १८७०च्या दशकात रेल्वे आल्यावर रुळांवरून. त्यांनी कडे फोडले नाहीत, वरून गडगडून तळाशी आलेले प्रचंड धोंडे तिथेच चिरले. काही धोंड्यांवर सुरुंगासारख्या भोकांची रांग अजून दिसते.

२०१७ साली चढणाऱ्यांच्या स्थानिक संस्थेने, सॉल्ट लेक क्लाइंबर्स अलायन्सने, चढाईच्या जागा खुल्या राहाव्यात म्हणून झटणाऱ्या ॲक्सेस फंड या संस्थेच्या मदतीने चर्चकडून यातली १४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. बदल्यात वाटा नीट ठेवायच्या, कचरा उचलायचा, आग नाही, मुक्काम नाही. आज मी जे दगड वाहिले ते या वाटांसाठी. पायऱ्या रचल्या नाहीत तर पावसाचं पाणी सगळी माती खाली नेतं आणि दर माणूस आपली नवी वाट काढतो.

इतकं होऊन सुटलो असं वाटत होतं, तर आता गोंडोला. राज्याच्या वाहतूक खात्याने जुलै २०२३मध्ये अंतिम निर्णय दिला: घळीच्या तोंडापासून आल्टापर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा रोपवे, २२ मनोरे, खर्च ७३ कोटी डॉलरच्या आसपास. आधी जादा बस आणि टोल, रोपवे नंतरच्या टप्प्यात. आम्ही ज्यांवर चढतो त्यातले काही धोंडे मनोरे आणि पार्किंगच्या आड येतात, आणि आजची वाट त्या धोंड्यांच्या शेजारूनच जाते.

तुमच्याकडे असं काही झालंय का? आणि गोंडोला हवाच असं म्हणणारं कुणी असेल तर त्यांनीही लिहा. भांडू, पण नीट भांडू.


सह्यभटका
रविवार, सकाळी ७:१५

मस्त लिहिलंयस. टिचकीवरून हसलो. गेल्या वर्षी माझ्या टिचकीला आख्खा होल्ड हातात आला होता, उत्तर मिळालं म्हणायचं.

आपल्याकडे मालकीचा प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. सुळका वनखात्याचा, पायथ्याचं रान एखाद्या पाटलाचं, आणि मधली वाट गुरं चारणाऱ्यांची. कागद कुठलाच नाही. गावात शिरताना कुणाच्या तरी अंगणात गाड्या लावायच्या, जेवण त्यांच्याकडेच सांगायचं, परतताना चहा घेतल्याशिवाय निघायचं नाही. हाच आमचा भाडेपट्टा. तो मोडतो कधी, तर शंभर जणांची कमर्शियल ट्रेक येते, पोरं उभ्या पिकातून चालतात, आणि पुढच्या रविवारी आम्ही गेलो की वाटेवर काटे टाकलेले असतात. काटे टाकणाऱ्याचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.


दगडफोड्या
रविवार, सकाळी ९:०२

एक दुरुस्ती. लिटल कॉटनवुडचा दगड काटेकोरपणे ग्रॅनाइट नाही, क्वार्ट्झ मोन्झोनाइट आहे. जमिनीखाली थंड झालेला शिलारसच, पण गारेचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा कमी. वय साधारण तीन कोटी वर्षं. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटींच्या घरातला, म्हणजे तो यापेक्षा बराच म्हातारा. शिवाय तो लाव्हा जमिनीवर थरांनी ओतला गेला, म्हणून आपल्याकडे कडा, पट्टी, परत कडा. तुमचा एकसंध, तडे गेलेले मोठमोठे ठोकळे. चढाईत जो फरक जाणवतो तो यामुळे.


घसारा
रविवार, सकाळी ९:३०

@दगडफोड्या, मंदिरवालेही ग्रॅनाइटच म्हणतात, मी बापडी काय. पण धन्यवाद, थरांचं आता कळलं.

@सह्यभटका, काट्यांचं पटलं. इथे काट्यांऐवजी वकील असतो.


बर्फाळ_बाप
रविवार, दुपारी १२:४८

तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. मी इथलाच, अकरा वर्षं घळीजवळच्या सँडी शहरात राहतो आणि मला गोंडोला हवाय.

चढणाऱ्यांनी एकदा जानेवारीतल्या शनिवारी या रस्त्यावर यावं. रात्रभर बर्फ पडलं, मुलीचा आठ वाजता स्कीचा क्लास, आम्ही साडेपाचला घर सोडलं आणि दहाला पोचलो. नेहमी वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर आहे. मागच्या दिव्यांची रांग डोंगर चढत जाते, तिला इथे लोक लाल साप म्हणतात. वर हिमस्खलनाच्या ६४ वाटा या एका रस्त्याला छेदतात. वर साठलेलं बर्फ मुद्दाम खाली आणायला स्फोट करतात तेव्हा रस्ता बंद, सगळे जागच्या जागी. मुलीला गाडीत उलटी झाली. तुम्ही धोंड्यांचं म्हणताय, मी माणसांचं म्हणतोय. रोपवे बर्फावरून जाईल, त्याला रस्ता लागत नाही.


घसारा
रविवार, दुपारी १:५५

उलटीचं वाचून वाईट वाटलं, आणि लाल साप मीही पाहिलाय. प्रश्न खरा आहे, हे मला मान्य.

पण हा रोपवे थांबणार कुठे? स्नोबर्ड आणि आल्टा, बास. मधे गेट बट्रेस नाही, व्हाइट पाइनची पायवाट नाही, कुठेच नाही. म्हणजे चालणारे, चढणारे, नुसते नदीकाठी डबा खाणारे, सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल तो. वर्षातल्या मोजक्या दिवसांच्या गर्दीसाठी, दोन खाजगी रिसॉर्टच्या दारापर्यंत, सरकारी पैशाने. मला टोचतं ते इथे.

आणि एक कबूल करते. दुसरा पर्याय होता रस्ता रुंद करून बसला वेगळी लेन देण्याचा. धोंड्यांच्या हिशेबात तो गोंडोलापेक्षा वाईट होता, रस्त्याकडेचे कितीतरी धोंडे त्यात साफ जाणार होते. म्हणून "बस चालवा" असं आम्ही म्हणतो तेव्हा पुढे "रस्ता आहे तेवढाच ठेवून" हे जोडतो. लोक पहिला भाग ऐकतात, दुसरा नाही.


बर्फाळ_बाप
रविवार, दुपारी २:२०

आहे त्या रस्त्यावर जादा बस सोडली तर ती बसही त्याच सापाच्या पोटात अडकणार ना?


घसारा
रविवार, दुपारी २:३१

खाजगी गाड्यांना सकाळी चांगला टोल लावला तर साप बारीक होतो. आराखड्यात टोल आहेच. ते आधी करून तर बघा, मनोरे एकदा उभे राहिले की परत काढता येत नाहीत.


शेंगदाणा_चिक्की
रविवार, संध्याकाळी ६:१०

रायगडाला १९९६मध्ये रोपवे झाला तेव्हा आमच्या घरात हेच भांडण झालं होतं. काका म्हणाले, गड पायांनीच बघायचा असतो. आजीचे गुडघे गेले होते. रोपवेने ती वर गेली, समाधीपाशी बसली, आणि उतरताना काकांना म्हणाली, "तुझे पाय आहेत तोवर तुझं बरोबर आहे."

मला चढाईतलं काही कळत नाही, पण सगळा डोंगर धडधाकट माणसांसाठी राखून ठेवलेला असतो का हा प्रश्न राहतोच.


सह्यभटका
रविवार, रात्री ८:४४

आजी जिंकल्या. पण रायगडाला रोपवे झाला म्हणून पायऱ्यांची वाट कुणी बंद केली नाही. आजही चित दरवाजाकडून चढता येतं. घसाराचा मुद्दा मला असा कळला, की तिथे आजीच्या पाळण्यासाठी नातवाची पायवाट उचकटतायत. आणि तो पाळणा आजीला नदीकाठी सोडणार नाही, सरळ स्कीच्या मैदानावर सोडणार.


नवखा७
रविवार, रात्री ११:५९

मध्ये घुसतोय, माफ करा. पुढच्या महिन्यात कामासाठी सॉल्ट लेकला आठवडाभर आहे. दोन वर्षं जिममध्ये चढतोय, ५.१० (अवघडपणाचा अमेरिकन आकडा) आरामात जातं. लिटल कॉटनवुडला सोपं काय करता येईल? मित्राचा कुत्राही बरोबर असेल.


घसारा
सोमवार, सकाळी ६:५०

कुत्रा घरी ठेवा. या घळीतलं पाणी शहराच्या पिण्याचं आहे, त्यामुळे कुत्र्यांना बंदी आहे. गाडीत बसवून नेलात तरी चालत नाही. नदीत पायसुद्धा बुडवू नका. हा नियम पर्यटकांना जाच वाटतो, मला आवडतो. वाटांवर घाण नसते.

आता चढाई. जिममधलं ५.१० विसरा. इथले आकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कंजूष माणसांनी दिलेत. गेट बट्रेसवर स्कूलरूम नावाचा जुना मार्ग आहे, ५.६ म्हणा नाहीतर ५.७. बरेच जण तिथे शिकतात, पण कातळात कायम ठोकलेल्या बोल्टच्या रांगेची अपेक्षा ठेवू नका. तड्यांमध्ये कॅम आणि नट (दोर अडकवायची धातूची साधनं) आपण बसवायचे आणि मागून येणाऱ्याने काढायचे. ते येत नसेल तर येणाऱ्या माणसाबरोबर जा. त्याच कातळावर क्रेसेंट क्रॅक आहे, ५.७. तड्यात मूठ कशी अडकवायची हे तिथे त्वचेवर कोरून शिकवलं जातं. हाताला टेप लावा.

गेट बट्रेस दक्षिणाभिमुख. उन्हाळ्यात दुपारी तवा तापतो, बुटाचं रबर पकडत नाही. वसंत आणि शरद हे मोसम चांगले, थंडीतही उन्हाचा दिवस असेल तर चढता येतं. पाऊस पडून गेला तर हा दगड लवकर सुकतो, अडचण नाही. पण तिथून दक्षिणेला मोआबला जाणार असाल तर, तिथला कातळ वाळूचा, ओल्या वाळूच्या दगडावर चढू नका, तो आतून भिजून कमकुवत होतो, होल्ड तुटतात आणि मार्ग कायमचा बिघडतो.

गाडी पट्ट्याच्या आत लावा. एकदा माझं एक चाक पांढऱ्या रेषेवर होतं, आणि पावती किती रुपयांची होती हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.


मुरूमखडी
सोमवार, सकाळी ११:१८

बोल्टवरून आठवलं. घळीच्या दक्षिणेचा मोठा भाग लोन पीक वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानात, येतो ना? तिथे ड्रिल मशीन चालत नाही, भोक हातोड्याने पाडावं लागतं असं ऐकलंय. एका बोल्टला किती वेळ जातो?


घसारा
सोमवार, दुपारी १२:०५

हो, वाइल्डरनेसमध्ये मोटर चालणारं काहीच नाही. मी स्वतः एकदाच हातोडा धरलाय आणि तोही जुना बोल्ट बदलायला. पाऊण तास लागला, खांदा दोन दिवस वर होईना. त्यामुळे माणूस दहादा विचार करतो की इथे बोल्ट खरंच हवा का. मशीन असतं तर दोनदाही केला नसता.

२०२३च्या अखेरीला तर बोल्टच रद्द व्हायची वेळ आली होती. जंगल खातं आणि राष्ट्रीय उद्यानं, दोघांनी मसुदा काढला की वाइल्डरनेसमध्ये कातळात कायम ठोकलेली कुठलीही वस्तू मुळात निषिद्ध समजायची, मग एकेकीला सूट द्यायची. म्हणजे खाली उतरायला रॅपलचा जो बोल्ट आहे तोही आधी बेकायदा. देशभर गदारोळ झाला, आणि जानेवारी २०२५मध्ये सही झालेल्या एक्सप्लोअर कायद्यात हे बोल्ट वाइल्डरनेसमध्ये ठेवता-वापरता येतात असं आलं.


मुरूमखडी
सोमवार, दुपारी १२:४०

मी थोडा उलट्या बाजूचा आहे. आमच्याकडे एकेका सुळक्यावर शेजारी शेजारी तीन पिढ्यांचे बोल्ट दिसतात. पहिला गंजलेला, दुसरा अर्धा बाहेर, तिसरा चकाकणारा, आणि चौथी टीम आपला वेगळा ठोकायला तयार. कोकणच्या बाजूला चार पावसाळे गेले की साध्या लोखंडाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. नियम नको म्हणायचं आणि शिस्तही नाही, मग तिऱ्हाईत येऊन नियम करणारच.


सह्यभटका
सोमवार, दुपारी १:१५

याला शंभर टक्के अनुमोदन, आणि त्या तीन बोल्टांतला एक माझा असण्याची शक्यता आहे.


आत्याबाई
मंगळवार, सकाळी ८:३३

मी चढत नाही, वय एकाहत्तर. मुलाकडे आले होते तेव्हा त्याने मला घळीच्या तोंडाशी ती दगडाची खाण दाखवायला नेलं होतं. सपाट, छोटी वाट आहे, माझ्यासारखीलाही जमते. तिथे ती भोकांची रांग पाहिली आणि मला आमच्या गावचे पाथरवट आठवले. घसारा, ती सुरुंगाची भोकं नाहीत गं. छिन्नीने ओळीत भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या आणि एकेकीवर पाळीपाळीने घाव घालायचा. घाई केली तर दगड वेडावाकडा फुटतो. वडिलांच्या विहिरीच्या वेळी मी तासन्‌तास बघत बसायची. शेवटचा घाव जोराचा नसतो. दगड आवाज बदलतो आणि पाथरवट थांबतो, मग तो आपसूक उलगडतो.

एक विचारू? त्यांनी देवासाठी दगडाला भोकं पाडली, तुम्ही चढण्यासाठी पाडता, सरकार मनोऱ्यांसाठी पाडणार. दगडाच्या बाजूने कोण बोलतंय या धाग्यात?


घसारा
मंगळवार, सकाळी ९:१०

आत्या, "सुरुंगासारख्या" म्हटलं होतं, पण पाचरीचं माहीतच नव्हतं. आता त्या धोंड्यापाशी गेले की आधी हात लावून बघेन.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दगडाच्या बाजूने आम्ही बोलतो असं म्हटलं तर ढोंग होईल. आम्हाला तो चढायला हवाय म्हणून तो हवाय.


सरळमार्गी
मंगळवार, दुपारी ३:२७

सगळं ठीक, पण आपण तिथे पाहुणे. व्हिसावर राहणाऱ्यांनी त्यांच्या डोंगराच्या भानगडीत कशाला पडायचं? उद्या काही झालं तर कोण येणार आहे?


घसारा
मंगळवार, संध्याकाळी ५:४५

कोर्टात मी गेले नाही, तिथे शहरं आणि पर्यावरणवाल्या संस्था गेल्यात. मी दोन गोष्टी केल्या. आराखडा खुला होता तेव्हा हरकत नोंदवली, हजारोंनी नोंदवल्या. तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. आणि शनिवारी दगड उचलते, तिथे तर नावही नीट विचारत नाहीत, माझ्या नावाचा उच्चार त्यांनी तीन वर्षांत चार प्रकारे केलाय. पाणी मी इथलंच पिते, काका.


बर्फाळ_बाप
मंगळवार, रात्री ९:२०

माझं गोंडोलाबद्दलचं मत बदललेलं नाही, आधीच सांगतो. पण पुढचा वाटदुरुस्तीचा दिवस कधी आहे? मुलीला शाळेसाठी सेवेचे तास भरायचेत. बारा वर्षांच्या मुलांना घेतात का?


घसारा
मंगळवार, रात्री ९:४१

मोठं माणूस बरोबर असेल तर घेतात. तारीख व्यक्तिगत निरोपात कळवते. हातमोजे कातडी आणा, बागकामाचे तासाभरात फाटतात. मनोऱ्यांवरचं भांडण डब्याच्या वेळेला.


नवखा७
पाच आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:०६

धागा वर काढतोय. जाऊन आलो. कुत्रा मित्राच्या बायकोकडे ठेवला, गाडी पट्ट्याच्या आत लावली. इथल्याच एका अनुभवी बाईंच्या मागून स्कूलरूम चढलो, पहिला टप्पा ठीक गेला, दुसऱ्यात तडा संपून नुसता उतार आला तिथे पाय थरथरायला लागले आणि सरळ दोरावर बसलो. जिममधलं ५.१० तिथेच सोडून आलोय, कुणाला सापडलं तर ठेवून घ्या. उतरताना त्या नव्या दगडी पायऱ्यांवरून आलो. एक पायरी जराशी डुगडुगते, खालून सातवी.


घसारा
शुक्रवार, रात्री १०:१५

सातवी माझी नाही. आठवी माझी.


दगडफोड्या
शुक्रवार, रात्री १०:५२

@नवखा७, मग दगड कुठला होता म्हणायचा?


नवखा७
शुक्रवार, रात्री ११:०३

क्वार्ट्झ मोन्झोनाइट, सर. पण गुडघ्याला ग्रॅनाइटच लागला.